लाडूचं जावळ

माझ्या मुलीच्या कुत्र्याचं जावळ काढायचा निर्णय माझा होता. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण हे एवढं एकच वाक्य वेळेवर बोललो असतो तर हे सगळं लिहायची पाळी आली नसती.

कुत्र्याचं जावळ काढत नाहीत, हे मला माहीत होतं. मी अडाणी नाही. बावन्न वर्षांचा आहे, कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि अंधश्रद्धेविरुद्ध वर्गात तावातावानं बोलतो. पण वर्ग वेगळा आणि घर वेगळं. घरात आई असते.

कुत्र्याचं नाव लाडू, जात चाऊ चाऊ. आमची एकुलती एक मुलगी मुक्ता पुण्यात नोकरी करते. कंपनीनं तिला चार महिने परदेशी पाठवलं आणि मार्चच्या सुरुवातीला ती लाडूला आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी सोडून गेली. सोबत एक वही, वहीत दोन पानं भरून सूचना. पहिलं पान मी त्याच दिवशी वाचलं. दुसरं नंतर वाचलं. (किती नंतर, ते येईलच.)

"बाबा, ही चीनमधली फार जुनी जात आहे," मुक्ता म्हणाली. "दोन हजार वर्षांपूर्वीची. आपल्या पैठणला सातवाहन राज्य करत होते ना, तेव्हा याचे पूर्वज तिकडे राजांबरोबर शिकारीला जायचे, देवळांची राखण करायचे."

"म्हणजे घराणं चांगलंय," सुनंदा म्हणाली. सुनंदा माझी बायको. स्थळ बघायला आल्यासारखं तिनं लाडूला डोक्यापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं.

बघण्यासारखा तो होताच! सिंहाची आयाळ, अस्वलाचं अंग, पाठीवर वळवून ठेवलेली शेपटी आणि कपाळावर कायमची आठी. चालताना मागचे पाय गुडघ्यात वाकवायचाच नाही. कडक इस्त्रीची पँट घालून लग्नाला निघालेल्या माणसासारखा चालायचा. बोलावलं तर यायचा नाही. कुरवाळायला गेलं तर शांतपणे उठून दुसऱ्या खोलीत जायचा. अंगणात कुणी शिरलं तर भुंकायचा नाही, नुसता बघायचा. आणि ज्याच्याकडे तो बघे, तो माणूस स्वतःच्याच चपला पुन्हा नीट काढून ठेवी. आमच्या कॉलेजचे जुने प्राचार्य हुबेहूब असेच होते.

आणि जीभ? निळसर काळी! पहिल्याच दिवशी त्यानं जांभई दिली आणि आई किंचाळली.

"अगं बया! यानं शाईची दौत पिली का काय?"

"आई, या जातीची जीभ अशीच असते. जन्माला येतात तेव्हा गुलाबी असते, मग काळी होत जाते."

"काळ्या जिभेचा हाय? मंग याच्यापुढं कुणी वंगाळ बोलू नका. खरं व्हतंय!"

"काळी जीभ असलेला बोलला तर खरं होतं ना, आई? हा कुठं बोलतोय?"

"म्हणून तर बरंय," आई म्हणाली आणि तिनं त्याच्यापुढं हात जोडले. तिथून दोघांचं जमलं.

एप्रिलच्या शेवटी ऊन तापलं. लाडू दिवसभर न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर पोट टेकवून पडायला लागला. आम्हाला अंघोळीसाठी त्याची परवानगी घ्यावी लागे. एका सकाळी आई त्याच्याकडे बघत म्हणाली, "याचं जावळ झालंय का?"

"आई, तो कुत्रा आहे."

"ते दिसतंय मला. जावळ झालंय का, ते इचारलं."

"तो दोन वर्षांचा आहे!"

"मंग उशीरच झाला की रं! मुक्तीचं अकराव्या महिन्यात काढलं व्हतं. जन्माचे केस डोक्यावर ठेवले तर उष्णता आत ऱ्हाती. बघ कसा लोळतोय गरीब."

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी विचार करायला बसलो, आणि माझं तिथंच चुकलं. उत्तर चीनमध्ये कडाक्याची थंडी, म्हणून निसर्गानं केस दिले. मराठवाड्यात ती थंडी नाही, म्हणून केसांची गरज नाही. आई जे श्रद्धेनं सांगत होती, ते मला शास्त्रानं पटलं! असा योग आमच्या घरात तीस वर्षांत आला नव्हता. मला इतका आनंद झाला, की मुक्ताला एकदा विचारावं, हे सुचलंच नाही. (खोटं. सुचलं होतं. ती नाही म्हणेल, हेही सुचलं होतं.)

आता जावळ म्हटलं की मामाची मांडी आली. लाडूचा मामा कोण?

"मुक्ती त्याची आई," आईनं हिशोब लावला. "मुक्तीला भाऊ नाय. मंग तिचाच मामा चालंल. मामा तो मामा."

मुक्ताचा मामा म्हणजे सुनंदाचा भाऊ प्रकाश. तो फुलंब्रीला शेती बघतो आणि कुत्र्यांना घाबरतो. फोनवर त्याला एवढंच सांगितलं, की जावळ आहे, ये. तो रविवारी सकाळी नवं अंगडं-टोपडं घेऊन हजर झाला.

"बाळ कुणाचं हाय?" त्यानं दारातच विचारलं.

आम्ही बाळ दाखवलं. प्रकाश चौकटीला पाठ लावून उभा राहिला. "दाजी, हे बाळ? मी जातो. मोटर चालू ठेवून आलोय."

आईनं त्याला हाताला धरून आणलं आणि पाटावर बसवलं.

केस काढायला सलीमभाई आले होते. उस्मानपुऱ्यात, आमच्यापासून पाच मिनिटांवर त्यांचं केशकर्तनालय आहे. पंचवीस वर्षं माझे केस तेच कापतात आणि मुक्ताचं जावळही त्यांनीच काढलं होतं. त्यांनी लाडूसमोर बसून दोन बोटांनी त्याचे केस बाजूला केले, पुन्हा केले, आणि मशीन परत पिशवीत ठेवलं.

"नक्को सर."

"का?"

"हे बघा. वरचा केस कडक, खालचा निस्ता कापूस. दोन थर हायेत. ही गादी हाय, गादी. आपण माठाला गोणपाट कशाला गुंडाळतो? गरमी बाहेर ऱ्हावी म्हणून. ये बालां मत निकालो. नक्को सर."

"सलीमभाई, मी भूगोल शिकवतो."

"हौ सर. पण मी केस कापतो."

इतकं सरळ वाक्य कुणी मला ऐकवलं नव्हतं. मी ऐकलं नाही.

"मुक्ताबेटीला एक फोन तरी लावा," ते म्हणाले.

"ती मीटिंगमध्ये असेल."

"इतवार को?"

"परदेशात वेगळं असतं."

ते तिसऱ्यांदा "नक्को सर" म्हणाले. मग मी तो हुकमी एक्का टाकला, ज्याची मला आजही लाज वाटते. "सलीमभाई, पंचवीस वर्षांत मी तुम्हाला कधी काही मागितलं?" त्यांनी मान खाली घातली आणि मशीन काढलं.

आईनं ओवाळलं. लाडूनं ते हक्कानं ओवाळून घेतलं. मग त्याला प्रकाशच्या मांडीवर बसवलं, म्हणजे खरं तर पुढचं अर्धं अंग बसवलं. बाकीचा लाडू पाटाच्या पलीकडे होता. प्रकाशनं डोळे मिटून घेतले. मशीन फिरत गेलं तशी अंगणात कापसाची रास वाढत गेली. पाठ झाली, पोट झालं, पाय झाले. मशीन कानाजवळ गेलं आणि इतके दिवस आमच्याशी एक शब्द न बोललेला लाडू बोलला.

"गुर्रर्र."

एकदाच! पण प्रकाश मांडीसकट उठला, सलीमभाई मागं सरकले आणि आईनं जाहीर केलं, "झालं जावळ! डोकं राहू द्या."

आणि जे उरलं ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. पुढून सिंह. मानेच्या मागं शेळी. शेपटीच्या जागी एक दोरी. प्रकाशनं आणलेलं टोपडं हातात घेऊन सुनंदा म्हणाली, "अहो, हे आता खरंच लागणार."

आईनं सलीमभाईंना ताटात गहू, गूळ, नारळ दिला. त्यांनी तो घेतला, पण नेहमीसारखं हसले नाहीत. लाडू दिवाणाखाली गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. दोन दिवस त्यानं आम्हाला तोंड दाखवलं नाही. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "नवीन आणला का? आधीचा किती देखणा होता!"

जावळाच्याच रात्री मी वहीचं दुसरं पान वाचलं. शेवटची ओळ लाल शाईत होती. "केस कधीही, कुठल्याही कारणानं कापायचे नाहीत." खाली दोन रेघा मारल्या होत्या.

मुक्ता दर दोन दिवसांनी व्हिडिओ कॉल करायची. डोकं शाबूत होतं, ही देवाची कृपा. मी फोन लाडूच्या नाकाजवळ धरायचो.

"बाबा, जरा लांबून दाखवा ना. त्याची चाल बघायचीय."

"झोपलाय."

"डोळे तर उघडे आहेत!"

"उघड्या डोळ्यांनी झोपतो. इथलं ऊन लागलंय त्याला."

एकदा तिनं फारच हट्ट धरला, तेव्हा मी शिक्षक दिनाच्या सत्कारात मिळालेली शाल लाडूला पांघरली.

"बाबा! मे महिन्यात शाल?"

"सत्कार होता."

"कुणाचा?"

"लाडूचा. कॉलनीतर्फे. शिस्तीबद्दल."

सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली. तिचं ते बघणं लाडूसारखं होतं.

पण सत्कारानं कातडी वाचत नाही. लाडू सकाळी थोडा वेळ गच्चीवर जायचा. केसांचं छप्परच नव्हतं. आठवड्याभरात त्याच्या पाठीवर लाल चट्टे उठले, मग फोड आले. त्यानं खाणं सोडलं. आम्ही त्याला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी पाठ बघितली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "केस कुणी काढले?"

"उन्हाळा होता म्हणून..."

"हेच केस त्याला उन्हापासून वाचवतात. थंडीपासूनही. पुन्हा यायला वर्ष लागेल, कदाचित जास्त. पहिल्यासारखे येतीलच असं नाही. आधी या जखमा चिघळू देऊ नका. चिघळल्या तर मी काही खात्री देणार नाही."

गादी. माठ. गोणपाट. सगळं डोळ्यांसमोरून गेलं. 

मुक्तानं जाण्याआधीच या दवाखान्यात लाडूचं नाव नोंदवलं होतं, त्यामुळे नावापुढं नंबर तिचा होता. फोटोसकट सगळी माहिती तिला गेली. आम्ही रिक्षात बसतोय तोच फोन वाजला.

"बाबा, कुणी केलं हे?"

माझ्याकडे तीन सेकंद होते. तीन सेकंदांत माणूस खरं बोलू शकतो. मी म्हणालो, "सलीमभाईंनी."

"पण का?"

"नुसतं विंचरायला बोलावलं होतं. त्यांनी जरा... जास्तच केलं."

"आणि तुम्ही कुठं होतात?"

"कॉलेजला."

रविवारी! पण रडणाऱ्या मुलीनं वार विचारलाच नाही. तिनं सलीमभाईंना फोन लावला आणि जे बोलायचं ते सगळं बोलली. मग कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर लाडूचा फोटो टाकून खाली त्यांच्या दुकानाविषयी चार ओळी लिहिल्या. हे मला कळायला महिना लागला. त्या ग्रुपमध्ये मी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. सलीमभाई. मला वाटलं, आता काढतात माझं जावळ.

"लाडू कुठं हाय?" एवढंच विचारून ते आत गेले.

डॉक्टरबाईंनी दिलेलं मलम लावणं आम्हाला जमत नव्हतं. लाडू कुणाला हात लावू द्यायचा नाही. सुनंदाला आठी दाखवायचा, मला पाठ. ही जात एखाद्याच माणसाला जीव लावते, असं मुक्ता म्हणाली होती. इथं तो माणूस मिळत नव्हता. सलीमभाई दिवाणापुढं जमिनीवर बसले. बोलावलं नाही, हात पुढं केला नाही. अर्धा तास नुसते बसून राहिले. मग लाडू आपण होऊन बाहेर आला, त्यांच्या गुडघ्याला पाठ लावून बसला आणि समोर भिंतीकडे बघत राहिला. सलीमभाईंनी मलम लावलं. तेही भिंतीकडेच बघत होते.

त्यानंतर ते रोज दुपारी यायचे. त्यांच्या बेगमनं दुकानातल्या धुवट मलमलीचा लाडूसाठी सदरा शिवून दिला, चार पायांचा! तो घालून लाडू उलट जास्तच खानदानी दिसायला लागला.

"चहा घ्या सलीमभाई."

"नक्को सर."

पूर्वी हे गृहस्थ आमच्याकडे तीन चमचे साखरेचा चहा मागून घ्यायचे. मी काळजीनं सुनंदाला म्हणालो, "त्यांना मधुमेह झाला असेल का गं?"

"तुम्हाला झालाय," ती म्हणाली. "डोळ्यांवर परिणाम झालाय."

एकदा मी विचारलंच, "रोज दुपारी दुकान सोडून येता, गिऱ्हाइकं खोळंबत असतील."

"गिऱ्हाईक नाय येत आजकाल फार," मलमाची डबी बंद करत ते म्हणाले. मी म्हणालो, "हो, ऊनच तसं आहे."

ते गेल्यावर सुनंदानं ग्रुपवरचा तो फोटो आणि चार ओळी माझ्यापुढं धरल्या. वर कुणीतरी लिहिलं होतं, 'सलीमभाईंकडे जाताना डोकं सांभाळा, बाकीचं ते काढतात.' खाली हसणाऱ्या तोंडांची रांग होती. दुकानातही पोरं तेच म्हणत होती. जुनी दोन-तीन घरं दुसरीकडे जाऊ लागली होती.

"त्यांनी मुक्ताला खरं का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मी विचारलं त्यांना. म्हणाले, 'बेटीच्या नजरेतून बाप माझ्या तोंडानं कशाला उतरवू? सर की जुबान है, सर बोलेंगे.' महिना झाला. सर बोलतायत का?"

आईचं म्हणणं वेगळंच होतं. "जावळ नाय चुकलं. मामा मधीच उठला, म्हणून चुकलं." फुलंब्रीला फोन करून तिनं प्रकाशलाही ते कळवलं. म्हणजे दोष घ्यायला घरात आता दोन माणसं तयार होती, आणि दोघांत मी नव्हतो!

सर बोलले नाहीत. सरांनी फक्त सलीमभाईंच्या दुकानावरून जाणं बंद केलं. दुसरीकडे केस कापायला जायची लाज वाटली, त्यांच्याकडे जायची त्याहून जास्त. केस कानांवर आले, मग कॉलरवर आले. जून लागला, कॉलेज उघडलं आणि मुलं विचारू लागली, "सर, नवस आहे का?"

लाडूच्या जखमा मात्र भरल्या. डॉक्टरबाईंनी पाठीवरून हात फिरवला. सगळीकडे मऊ, करड्या लोकरीची पालवी फुटली होती. "कोण करत होतं याचं?" त्यांनी विचारलं. "त्या माणसाचा हात चांगला आहे. त्यांच्यामुळे वाचला हा."

जुलैच्या सुरुवातीला मुक्ता आली. लाडू तिच्याजवळ गेला, पायांवर डोकं टेकवून उभा राहिला. चाऊ चाऊ एवढंच करतो; पण ती जमिनीवर बसून रडली. मग डोळे पुसून उठली आणि चपला घालायला लागली.

"कुठं निघालीस?"

"सलीमचाचांकडे. फोनवर सगळं बोलता येत नाही. माझं जावळ काढलेला माणूस, आणि त्यानं..."

मी दारात आडवा उभा राहिलो. "मुक्ता, रविवार होता. मी घरी होतो. पाटाशेजारी."

मग सगळं सांगितलं. तीनदा नको म्हणाले, तेही. पंचवीस वर्षांचा हवाला दिला, तेही. वहीचं दुसरं पान, शाल, रोजचं मलम, सगळं.  लाडू आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी चपला नीट काढून ठेवल्या.

"मी त्यांना काय काय बोललेय, माहितीय बाबा तुम्हाला?" ती शेवटी म्हणाली. "मी माझी माफी मागीन. ग्रुपवरही लिहीन. पण तुमची तुम्ही मागा. आणि घरी बोलावून, चहा पाजून नाही. दुकानात. रविवारी सकाळी, गर्दीत."

रविवारी सकाळी नऊ वाजता मी गेलो. सुट्टीचा वार म्हणून तिन्ही खुर्च्या भरलेल्या, बाकावर चौघं. सलीमभाईंनी आरशातून माझ्याकडे, मग माझ्या केसांकडे पाहिलं.

"सलीमभाई, मला जरा बोलायचंय."

"बसा सर. नंबर लागंल."

पाऊण तास बसलो. नंबर लागला. त्यांनी गळ्याभोवती कापड गुंडाळलं, गाठ मारली आणि कैची चालवायला सुरुवात केली. डावी बाजू पूर्ण झाली तेव्हा कुठं माझ्या तोंडातून शब्द फुटला.

"सलीमभाई, माझं चुकलं."

"क्या सर? कैचीच्या आवाजात ऐकू नाय आलं."

त्यांनी कैची थांबवली. मी पुन्हा म्हणालो, "माझं चुकलं. माफ करा."

त्यांनी हात लांब करून पंखा बंद केला. शेजारच्या खुर्चीवरच्या मशीनलाही थांबायची खूण केली. "जरा मोठ्यानं, सर. बाकावरच्या मामूंना कमी ऐकू येतं."

मामू साठीचे असावेत. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि कानामागं हात धरला. सगळं दुकान वळलं. मी खुर्चीतून उठलो. गळ्यात कापड, अर्धे केस कापलेले, अर्धे खांद्यावर. घसा साफ केला आणि बोललो.

"माझ्या मुलीच्या कुत्र्याचे केस काढायला मी सांगितलं. सलीमभाई तीनदा नको म्हणाले. मी ऐकलं नाही, आणि वर त्यांचंच नाव सांगितलं. कुत्रा वाचला तो त्यांच्यामुळे. सलीमभाई, मी तुमचा गुन्हेगार आहे, मला माफ करा. आणि उरलेली उजवी बाजू कापायची की अशीच ठेवायची, ते तुम्ही ठरवा. या खेपेला मी ऐकेन."